पाणी घरात आलं नव्हतं

“पाणी घरात आलं नव्हतं,” असं आनसाक्कांनी मला पाच मिनिटांत चौथ्यांदा सांगितलं, तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खड्ड्याच्या काठावर उभे होतो.

खड्डा चांगला दीड माणूस लांब आणि कमरेइतका खोल होता. फरशा आत गेल्या होत्या, त्यांच्यामागून ओट्याचा अर्धा कडप्पा गेला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर मिक्सर तिरका बसून होता. तो उचलायला जायची अजून कोणाची छाती झाली नव्हती.

“मग हे कशानं झालं?” मी विचारलं.

“ते तुमी सांगायचं. तुमी सर्व्हेअर न्हवं?”

होतो खरा. सत्तावीस वर्षांचा होतो आणि सांगलीत पाटणकर साहेबांच्या हाताखाली विम्याच्या नुकसानीचे सर्व्हे करत होतो. कोणाचं गोदाम जळालं, कोणाच्या दुकानात पाणी शिरलं की आम्ही जायचो, मापं घ्यायचो, फोटो काढायचो आणि कंपनीला अहवाल द्यायचो. लोक नेमकं कुठे खोटं बोलतात हे आपल्याला बरोबर ओळखता येतं, अशी माझी समजूत होती. लोक नको तिथे खरं बोलायला लागले तर काय करायचं, हे मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं.

शेरीपूर हे कृष्णाकाठचं गाव. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथे महापूर आला होता आणि पुराच्या नुकसानीचा हा दावा आला होता जूनमध्ये. पाटणकर साहेबांनी फाईल माझ्यापुढे टाकली ती हसतच.

“पूर ओसरून दहा महिने झाले. बाईंना आता जाग आलीय. आणि हे बघ, पोरानं स्वतःच जोडून पाठवलंय.”

तो तलाठ्याच्या पंचनाम्याचा कागद होता. ‘घरात पाणी शिरले नाही’ असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं आणि खाली आनसाबाई खोत अशी वळणदार सही होती. आक्कांचा मुलगा विलास पुण्यात नोकरीला. त्याने कर्ज काढून आईला नवं स्वयंपाकघर करून दिलं, तेव्हा बँकेने घराचा विमाही गळ्यात मारला होता. फरशी खचल्यावर बिचाऱ्याने घरातले होते नव्हते ते सगळे कागद न वाचताच पाठवून दिले होते.

“फोटो काढ, चार ओळी लिही, फाईल बंद कर,” साहेब म्हणाले होते. “दुपारच्या गाडीने परत ये.”

तर मी फोटो काढत होतो आणि आक्का मला आपल्याच दाव्याविरुद्ध पुरावा देत होत्या. सत्तरीला टेकलेली, उंच, सडसडीत बाई. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. मला तिथे जरा अवघडल्यासारखंच होत होतं.

“पायरीला लागलं व्हतं पाणी,” त्या म्हणाल्या. “चार पायऱ्या हायत. तिसरी बुडाली. तवा मी खण-नारळ घेतला, हळदकुकू घेतलं आणि चवथ्या पायरीवर बसून नदीची ओटी भरली. म्हटलं, बाई, आलीस, बरं केलंस. आता माघारी जा. सांजच्याला पायरी उघडी पडली. ह्या गल्लीत एकाच्याबी घरात पाणी आलं न्हाई.”

“आणि पंचनामा?”

“तलाठी आलावता. म्हणला, आक्का, पायरीला लागलं म्हंजे घरात आलंच असं धरू, मदत मिळंल. म्हटलं, धरू नगा. न्हाई आलं ते न्हाई आलं. ओटी घिऊन ती माघारी गेली आणि मी तिच्यावर आळ घेऊ?”

“बाकीच्यांनी काय केलं?”

“बाकीच्या काय करत्यात? मी न्हाई म्हटल्यावर त्यांनीबी न्हाईच सांगितलं. तेरा घरं हायत.”

तेरा घरांनी एका बाईच्या शब्दाखातर सरकारी मदत सोडली होती. मी वहीत काहीच लिहिलं नाही, कारण असल्या गोष्टीसाठी आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

तेवढ्यात विलासचा फोन आला. आक्कांनी तो स्पीकरवर लावून माझ्यापुढे धरला.

“आई, साहेब आलेत न्हवं? पाणी आलं होतं, एवढं एकच वाक्य बोल. नदी काय साक्षीला येणार हाय?”

“नदी न्हाई येणार. गल्ली हाय की.”

“अगं, पण स्वयंपाकघर गेलं ना आपलं!”

“ते मला दिसतंय. मी हितंच ऱ्हाते.”

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेल्या. गेल्या म्हणजे सोप्यात, पुढच्या खोलीत. आठवडाभर त्या तिथेच कोपऱ्यात स्टोव्ह मांडून स्वयंपाक करत होत्या. एका बाजूला देव्हारा, दुसऱ्या बाजूला टीव्ही आणि मध्ये पिठाचा डबा. मी मुकाट्याने जायला हवं होतं, पण चहा नाकारणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी खड्ड्याच्या काठावर बसून राहिलो आणि उगाच हाताला लागेल ती माती कुस्करत बसलो.

वरची माती कोरडी ठणठणीत होती. वाकून तळातली मूठभर काढली, तर ती ओली निघाली. जून लागला तरी त्या वर्षी पावसाचा टिपूस नव्हता.

“आक्का, खालून नळाचा पाइप गेलाय का?”

“न्हाई. नळ परसात हाय.”

“घर बांधायच्या आधी इथे काय होतं?”

त्या चहाचा कप हातात घेऊनच दारात आल्या आणि थांबल्या. “आधी व्हय? माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. हितं समदी पेवं व्हती म्हणत्यात.”

पेवं मी ऐकून होतो, पाहिली नव्हती. त्या भागात हळद साठवायला जमिनीत दोन पुरुष खोल खड्डे खणत. तोंड अरुंद, पोट मोठं, एखाद्या रांजणासारखं. माती इतकी घट्ट की आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. पुढे गोदामं आली, पेवं ओस पडली, गाव वाढलं आणि लोकांनी ती बुजवून वर घरं बांधली.

“ह्यातलं कोणाला कळतं?” मी विचारलं.

“दस्तगीरला. गल्लीच्या टोकाला ऱ्हातो. जलम पेवात गेला त्याचा.”

दस्तगीर चाचा आले ते हातात कंदील घेऊन. वय पंच्याहत्तर तरी असेल. अंगावर मांस म्हणाल तर नावाला. बाहेर बाराचं ऊन रणरणत होतं, म्हणून मला हसू आलं.

“चाचा, भर दुपारी कंदील कशाला?”

“उजेडासाठी न्हाई, सायेब. आत हवा हाय का न्हाई, ते ह्यो सांगतो. ह्यो इझला तर माणूसबी इझतो.”

माझं हसू तिथेच थांबलं. आम्ही दोघांनी मिळून फरशा बाजूला केल्या. मिक्सर चाचांनीच उचलून आक्कांच्या हातात दिला. कडप्प्याच्या खालच्या अंगाला एक काळं भगदाड निघालं. चाचांनी दोरीला बांधून कंदील आत सोडला, विडी संपेपर्यंत बघितलं, कंदील जळत राहिला. मग त्यांनी दोरी दाराच्या चौकटीला बांधली, धोतराचा काचा मारला आणि खाली उतरून गेले.

पहिली बादली वर आली त्यात लाल मुरूम होता. दुसरीत कुजून काळं झालेलं उसाचं पाचट. तिसरीत काळा, गुळगुळीत गाळ, आणि त्यात चमचमणारी बारीक वाळू. आक्कांनी तो चिमटीत घेऊन चोळला. जन्म नदीकाठी गेलेल्या बाईला तो कुठला, हे सांगायची गरज नव्हती.

चाचा वर येऊन भिंतीला टेकून बसले.

“पेव बुजवायचं तर खालपासनं मुरूम ठोकून भरत्यात. पर त्या टायमाला समद्यांनाच घाई. खाली पाचट टाकलं, वर मुरूम लोटला, झालं पेव बंद. पाचट कुजून बसलं. पूर आला, तसं पाणी जमिनीतनं पेवात शिरलं, वर जोत्यात चढलं. जाताना माती घिऊन गेलं. वर फरशी ऱ्हायली, खाली काय न्हाई. धा महिने ती टिकली, ह्येच नवल.”

“पाणी पुराचंच होतं, हे कसं ठरवायचं?”

“ओट्याखाली जोत्याच्या भित्तीला आतनं गाळाची रेघ हाय. मोजा की.”

मला त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या धंद्याची मजा आली. शेजारच्या गवंड्याकडून मी पाण्याची नळी आणली. भिंती एका पातळीत आहेत का ते बघायला गवंडी वापरतात ती, पाणी भरलेली पारदर्शक नळी. तिचं एक टोक चाचांनी आतल्या रेघेशी धरलं, दुसरं मी बाहेर पायरीवर. पुराच्या पाण्याची मळकी खूण तिसऱ्या पायरीवर अजून होती. नळीतलं पाणी हललं, डुललं आणि स्थिर झालं. आतली रेघ आणि बाहेरची खूण यांत बोटभराचाही फरक नव्हता. बाहेर जेवढं पाणी होतं, तेवढंच आत, घराच्या पोटात होतं.

“आक्का,” मी जवळजवळ ओरडलोच, “पाणी आलं होतं.”

आक्का सोप्यात जाऊन बसल्या. मांडीवर मिक्सर तसाच होता. त्या उघड्या दारातून नदीच्या बाजूला बघत राहिल्या.

“म्हंजी समोरनं ओटी घेतली,” शेवटी त्या म्हणाल्या, “आणि खालनं आली. मला न सांगता.”

चाचा मात्र खुशाल हसले.

मी जबाबाचा फॉर्म काढला. दावा उशिरा आला हा मुद्दा राहिला नव्हता. नुकसान दिसल्यावर तीन दिवसांत विलासने कळवलं होतं. पंचनाम्याचं उत्तरही सोपं होतं. फक्त आक्कांचा जबाब हवा होता.

“पाणी घरात आलं होतं, असं लिहू?”

“घरात न्हाई. घराखाली.”

“बरं. घराखाली आलं होतं, आणि ते मला तेव्हा कळलं नाही. सही करा इथे.”

त्यांनी पेन घेतलं नाही. “आणि गल्लीला काय सांगू?”

“गल्लीला कशाला सांगायचं? हा कागद कंपनीत जातो, फायलीत बसतो. कोणी वाचत नाही.” मला वाटलं, मी त्यांच्यावर केवढे उपकारच करतोय.

“लेकरा,” आक्का म्हणाल्या. सायेबाचं लेकरू कधी झालो ते मला कळलंच नाही. “माझ्या एका शब्दापायी तेरा घरांनी मदत सोडली. त्या छबूनं गळ्यातलं मोडून कोंबड्यांचं खुराडं पुन्यांदा बांधलं. मी न्हाई म्हटलं ते चारचौघींत म्हटलं. आता व्हय म्हणायचं ते कोपऱ्यात म्हणू?”

“त्या तुम्हाला बोलतील, आक्का.”

“बोलतीलच. बोलायलाच पायजे.”

त्यांनी दारात उभं राहून हाका मारल्या. दहा मिनिटांत कट्ट्यावर बायका जमल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या खांद्यावर ओला टॉवेल. छबूताई गुरव सगळ्यांत पुढे. शेजारचंच घर त्यांचं. जाडजूड, तोंडाळ बाई, पण चेहऱ्यावर कायम हसू. सुट्टीला आलेली दोन नातवंडं पदराला धरून आली होती.

“वाचा,” आक्का मला म्हणाल्या.

मी वाचलं. वाचताना माझाच आवाज मला परका वाटायला लागला. त्या बाईने वर्षभर मानाने मिरवलेली गोष्ट मी सरकारी मराठीत मोडून टाकत होतो. आक्का शेजारी ताठ उभ्या होत्या, पण पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. मला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं.

वाचून झालं.

“म्हंजी आलं व्हतं,” छबूताई म्हणाल्या.

“आलं व्हतं.”

“आणि आमी तुमच्यामागं मेंढरागत न्हाई न्हाई म्हणत बसलो.”

“व्हय. माझी चूक झाली, छबू. मला दिसलं तेवढंच मी खरं धरलं. तुमाला मदत मिळाली असती.”

छबूताई तोंड उघडून काहीतरी सणसणीत बोलणार, असं मला स्पष्ट दिसलं. मी मान खाली घातली. पण त्या एकदम थांबल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“आक्का, माझ्या सोप्यातली फरशी महिनाभर बद्द वाजतीया. मी गवंड्याला शिव्या घातल्या.”

दस्तगीर चाचा उठले. “पहार हाय का कुणाकडं?”

सगळी गल्ली छबूताईंच्या सोप्यात शिरली. छबूताईंनी लाटणं आणलं आणि फरशीवर ठोकत गेल्या. भिंतीकडे टण टण, मधे आल्यावर बद्द. चाचांनी सगळ्यांना मागे सारलं, एक फरशी उचकटली आणि पहार टेकवली. पहार रोवावी लागलीच नाही. ती त्यांच्या मुठीपर्यंत सरळ आत गेली, आणि खालून काहीतरी ढासळून पडल्याचा आवाज आला.

त्या फरशीला लागूनच दोन लहान गाद्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या. पोरं रोज तिथेच झोपायची.

मग आक्का पुढे झाल्या, फरशी कुठे बद्द नाही ते पायाने चाचपत भिंतीच्या कडेने गेल्या, दोन्ही गाद्या काखेत मारल्या आणि स्वतःच्या घरात नेऊन ठेवल्या. छबूताईंनी दोन्ही नातवंडांना असं आवळून धरलं की धाकटं रडायलाच लागलं.

त्यानंतर त्या गल्लीत जे सुरू झालं ते मी आजवर कुठे पाहिलेलं नाही. तेराच्या तेरा घरांत बायका फरशीवर कान लावून ठोकत होत्या. लाटणी, वरवंटे, एकीकडे तर पितळी उलथनं. “माझी वाजती का बघा वो चाचा,” म्हणून सगळीकडून हाका. चाचा कंदील आणि पहार घेऊन या घरातून त्या घरात नवरदेवासारखे फिरत होते. आणखी दोन घरं पोकळ निघाली. ज्यांची भरीव निघाली त्या बायका इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला चहा पाजला. मी पाच कप प्यालो आणि माझी दुपारची गाडी गेली.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. अहवाल अकरा पानांचा झाला. पाटणकर साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली, आणि दिवाळीच्या आत कंपनीने आक्कांच्या स्वयंपाकघराचा दावा मान्य केला. त्यानंतर या धंद्यात तीस वर्षं काढली, पण नुसत्या कागदांवरून मी एकही दावा नाकारला नाही. कारण साधं आहे. त्या दिवशी फोटो काढून मी चार ओळी लिहिल्या असत्या, तर त्या चार ओळी बरोबरच ठरल्या असत्या. सगळे कागद माझ्या बाजूने होते. आणि त्या दोन गाद्या तिथेच राहिल्या असत्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी उन्हं कलल्यावर आक्कांनी पुन्हा तो जबाब मागितला.

“ह्यात आणिक घाला,” त्या म्हणाल्या. “ह्या गल्लीतल्या समद्या घरांची जमीन तपासून घ्यावी.”

“आक्का, दावा फक्त तुमच्या घराचा आहे. बाकीच्यांचा विमाच नाही. याला फॉर्मवर जागा नाही.”

“पाठीमागं कोरं हाय की.”

मी कागद उलटा केला आणि लिहिलं. आक्कांनी पुढच्या बाजूला सही केली, मागच्या बाजूलाही केली, सावकाश, एकेक अक्षर जपून. मग कागद माझ्या हातात द्यायच्या ऐवजी तशाच बसून राहिल्या. समोर सगळ्या बायका उभ्या होत्या आणि आक्का कोणाकडे बघत नव्हत्या. दिवसभरात पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

छबूताई खाली बसल्या आणि त्यांनी माझ्यापुढे हात केला. “पेन द्या.”

“तुला गं कशाला?” आक्का म्हणाल्या. “तुझा कुठं इमा हाय?”

“इमा नसू द्या. तलाठ्याच्या कागदावर तुमच्यामागं केलीवती की. हितं नको करू?”

मी पेन दिलं. त्यांच्यामागे बाकीच्या रांगेत उभ्या राहिल्या.